संत्र्याचे कॅरेट चढवायला १ एचपी पुरते, रेशो तेवढा बरोबर हवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या काटोल रोडवरच्या शेडमध्ये संत्र्याचे भरलेले कॅरेट खालून ग्रेडिंगच्या माळ्यावर न्यायला तुम्ही तिरपा पट्टा बसवला आहे. लांबी १० मीटर, चढ अडीच मीटर, ड्रम १५० मिलिमीटर व्यासाचा. मोटर १ एचपी, थ्री फेज, १४४० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). मोटरवर ३ इंची पुली, ड्रमवर १२ इंची, मध्ये व्ही-बेल्ट. रिकामा पट्टा भन्नाट पळतो, पण पाच-सहा कॅरेट ठेवले की मोटर नुसती घुमते आणि ओव्हरलोड रिले (जादा भाराने करंट वाढला की मोटर बंद करणारा) ट्रिप होतो. इतवारीतल्या दुकानदाराने ३ एचपीची मोटर घ्यायला सांगितलं आहे. घ्यावी का, असं तुम्ही विचारता.

घेऊ नका, भाऊ. ३ एचपीनेही हा पट्टा पूर्ण भरून चालणार नाही, आणि तुमच्याकडे आहे त्या १ एचपीने तो आरामात चालेल. तुमच्या मोटरमध्ये काहीही कमी नाही. तिची ताकद चुकीच्या रूपात ड्रमपर्यंत पोहोचते आहे, एवढंच. हिंगणा एमआयडीसीत कन्व्हेयर आणि गिअरबॉक्सची कामं करताना हा प्रकार इतक्या वेळा समोर येतो की सविस्तर लिहावंसं वाटलं. दर हंगामात कुणीतरी गरज नसताना मोठी मोटर घेतो, मग मोठा स्टार्टर, मग जाड केबल, आणि वर्षभर वाढलेलं वीजबिल.

मोटर निवडताना सगळे एचपीपासून सुरुवात करतात. सुरुवात ड्रमपासून करायची. ड्रम फिरवायला किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो आणि तो किती वेगाने फिरायला हवा, हे दोन आकडे आधी काढा. मग मागे मागे येत मोटरपर्यंत पोहोचा.

तुमचंच गणित करू. एका वेळी पट्ट्यावर १० कॅरेट, कॅरेटसकट प्रत्येकी २२ किलो धरले तर २२० किलो. १० मीटरला अडीच मीटर चढ म्हणजे वजनाचा पाव भाग सरळ मागे ओढतो: २२० × ९.८१ × ०.२५, साधारण ५४० न्यूटन. तुमचा पट्टा रोलरवर नाही, खालच्या पत्र्यावर घासत सरकतो, म्हणून घर्षण बरंच आहे. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर आणखी ६३० न्यूटनच्या आसपास. पट्ट्याचं स्वतःचं घर्षण, दोन्ही ड्रमवरचं वळण, बेअरिंग हे सगळं मिळून थोडं वर धरा. एकूण १४०० न्यूटन धरून चालू. ड्रमची त्रिज्या ०.०७५ मीटर, म्हणजे ड्रमच्या शाफ्टवर लागणारा टॉर्क १०५ न्यूटन-मीटर.

आता मोटर काय देते ते बघा. सूत्र एकच आहे आणि ते वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे: टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. १४४० आरपीएमला टॉर्क आला जेमतेम ५ न्यूटन-मीटर. तुमच्या पुल्यांनी तो चौपट केला, बेल्टमधली थोडी घट वजा जाता १९. लागतात १०५. मोटर घुमणार नाही तर काय करणार?

३ एचपीची मोटर त्याच वेगाला १५ न्यूटन-मीटर देते. त्याच पुल्यांवर ते होतात ५७. सुरू होताना मोटर काही क्षण दुप्पट जोर देते, त्यामुळे पट्टा एखादवेळी झटक्याने हलेलही, पण सतत एवढा ओव्हरलोड रिले सहन करणार नाही. आणि समजा ६ एचपी लावून चालवलाच, तरी तुमच्या पुल्यांच्या ४:१ रेशोवर (मोटरच्या चार फेऱ्यांना ड्रमची एक) ड्रम ३६० आरपीएमने फिरणार. १५० मिलिमीटरच्या ड्रमचा घेर ०.४७ मीटर, म्हणजे पट्टा मिनिटाला १७० मीटर, ताशी १० किलोमीटर. त्या वेगाने माळ्यावर कॅरेट पोहोचत नाहीत, फेकले जातात. एवढा वेग तुम्हाला नकोच आहे. जो वेग नको आहे त्याचीच किंमत तुमची मोटर टॉर्कच्या रूपात मोजते आहे.

गिअरबॉक्स नेमकं हेच उलटं करतो. तो ताकद निर्माण करत नाही. जेवढे वॅट आत जातात त्यापेक्षा थोडे कमीच बाहेर येतात. वॅट म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, त्यामुळे वेग चाळीसावा हिस्सा केला की टॉर्क चाळीसपट व्हायला मोकळा होतो. का, हे दातांवर बघितलं की लगेच समजतं. लहान गिअर मोठ्या गिअरला जिथे टेकतो तिथे दोघांच्या दातांवर जोर एकच असतो आणि दातांचा सरकण्याचा वेगही एकच. पण मोठ्या गिअरची त्रिज्या मोठी, म्हणून तोच जोर त्याच्या शाफ्टवर जास्त टॉर्क देतो, आणि घेर मोठा म्हणून त्याची एक फेरी व्हायला वेळ जास्त लागतो. वर्म गिअरमध्ये, म्हणजे स्क्रूसारखा आट्यांचा वर्म दातेरी व्हीलला फिरवतो त्या जोडीत, हे आणखी उघड दिसतं. एका आट्याचा वर्म एक फेरी फिरला की व्हीलचा एक दात पुढे जातो. व्हीलला ४० दात असतील तर रेशो ४०:१.

नागपुरात उन्हाळ्यात चौकाचौकात रसवंत्या लागतात. तिथे कधी दोन मिनिटं थांबून बघा. मोटर जोरात पळत असते आणि उसाचे रूळ मात्र सावकाश फिरतात. मध्ये बेल्ट आणि मोठे उघडे गिअर असतात. तीच मोटर थेट रुळाला जोडली तर पहिल्याच उसाला अडकेल. आणि त्याच्या बरोबर उलट उदाहरण तुमच्या घरात आहे, ते म्हणजे कूलर. कूलरच्या पंख्याला सुरुवातीला जवळजवळ काहीच टॉर्क लागत नाही, वेग वाढेल तसा वेगाच्या वर्गाने लागतो. म्हणून पंखा मोटरच्या शाफ्टवर थेट बसतो, गिअर कुणी लावत नाही. पट्टा, लिफ्ट, चरक, काँक्रीट मिक्सर, पीठ मळायचं यंत्र यांची जात वेगळी. यांना पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क लागतो. आपला लोड कोणत्या जातीचा आहे हे ओळखलं की निम्मं काम झालं.

तर तुमच्यासाठी किती रेशो? १४४० भागिले ४० म्हणजे ३६ आरपीएम. पट्टा मिनिटाला १७ मीटर. एक मीटरला एक कॅरेट ठेवला तर मिनिटाला १७ कॅरेट, म्हणजे दोन माणसं भरू शकतील त्याहून जास्तच. ३६ आरपीएमला १०५ न्यूटन-मीटर म्हणजे ड्रमवर साधारण ४०० वॅट. ४०:१ च्या वर्म गिअरबॉक्सची कार्यक्षमता ६८ टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे मोटरकडून ५८५ वॅट हवेत. तुमच्याकडे आहेत ७४६. टॉर्कच्या भाषेत: ५ × ४० × ०.६८ = १३६ न्यूटन-मीटर, लागतात १०५. फरक पुरेसा आहे. ३०:१ घेतला तर वेग ४८ आरपीएम होईल, पण मोटर अगदी काठावर येईल. ६०:१ घेतला तर मोटर निवांत, पण मिनिटाला ११ कॅरेटच. मी ४० घेईन.

जरा थांबून १३६ या आकड्याकडे बघा. गिअरबॉक्स न लावता हा टॉर्क १४४० आरपीएमच्या मोटरकडून थेट घ्यायचा म्हटलं तर २० किलोवॅटची, म्हणजे २७ एचपीच्या घरातली मोटर लागेल. मोटरचा आकार खरं तर एचपीवर ठरत नाही, टॉर्कवर ठरतो. टॉर्क म्हणजे लोखंड आणि तांबं. वेग त्या मानाने स्वस्तात मिळतो. म्हणून लहान, वेगवान मोटर आणि पुढे गिअर ही जोडी ई-रिक्षाच्या मागच्या अ‍ॅक्सलपासून कोराडी वीजकेंद्राच्या कोळसा दळणाऱ्या मिलपर्यंत सगळीकडे दिसते.

आता वर्म घ्यायचा की हेलिकल, म्हणजे तिरप्या दातांच्या गिअरचा? वर्म गिअरबॉक्स स्वस्त, आटोपशीर, आवाज कमी, आणि एकाच पायरीत ४०:१ मिळतो. पण त्यात दात घासत सरकतात, म्हणून ताकद उष्णतेत जाते. रेशो जितका जास्त तितकं नुकसान जास्त. २०:१ ला ७८ टक्के मिळत असतील तर ६०:१ ला ६० च्या आसपास येतात. हेलिकल गिअरच्या एका पायरीत फक्त दोनेक टक्के जातात, म्हणून दोन-तीन पायऱ्यांच्या हेलिकल किंवा बेव्हल-हेलिकल बॉक्समध्ये ९४ टक्के सहज मिळतात, पण किंमत बरीच जास्त. तुमचं काम हंगामी आहे, आंबिया बहाराचे दिवस आणि मृग बहाराचे दिवस. १ एचपीवर वाया जाणाऱ्या वॅटचं बिल तेवढ्या दिवसांत फारसं होत नाही, त्यामुळे वर्म ठीक. वर्षभर दिवसाला सोळा तास चालणारा पट्टा असता तर मी हेलिकलच सांगितला असता.

एक मधला मार्ग मला फार आवडतो. तुमच्याकडे पुल्या आहेतच. मोटर आणि गिअरबॉक्समध्ये व्ही-बेल्टने २:१ करा आणि गिअरबॉक्स २०:१ चा घ्या. एकूण रेशो तोच ४०. कमी रेशोचा वर्म जास्त कार्यक्षम, त्यामुळे बेल्टचं नुकसान धरूनही ७० च्या थोडं वर राहता. शिवाय उद्या पट्टा थोडा हळू किंवा जलद हवा वाटला तर फक्त पुली बदलायची, आणि कॅरेट कुठे अडकला तर बेल्ट घसरतो, गिअर वाचतो. मात्र बेल्ट वेगवान बाजूलाच ठेवायचा, मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. गिअरबॉक्स आणि ड्रमच्या मध्ये टॉर्क इतका वाढलेला असतो की बेल्ट घसरतच राहील. तिथे चेन लावा, किंवा पोकळ शाफ्टचा गिअरबॉक्स थेट ड्रमच्या शाफ्टवर चढवून टॉर्क आर्मने (बॉक्स स्वतःच फिरू नये म्हणून धरून ठेवणाऱ्या दांड्याने) बांधा.

चेन लावणार असाल तर स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, फार लहान घेऊ नका. १०५ न्यूटन-मीटर टॉर्क १०० मिलिमीटर व्यासाच्या स्प्रॉकेटवर म्हणजे शाफ्टवर २१०० न्यूटनची आडवी ओढ. व्यास निम्मा केला तर ओढ दुप्पट. गिअरबॉक्सच्या कॅटलॉगमध्ये शाफ्टवर किती आडवा भार चालतो तो आकडा दिलेला असतो, दुकानदाराला तो विचारा. स्प्रॉकेट शाफ्टच्या टोकाला लटकवू नका, बेअरिंगला जितकं चिकटेल तितकं आत घ्या. दुरुस्तीला येणारे कितीतरी बॉक्स आतून धडधाकट असतात, फक्त बाहेरच्या बेअरिंगचा चुरा झालेला असतो आणि ऑइल सीलमधून तेल गेलेलं असतं. कारण हेच.

बॉक्स घेताना "१ एचपीचा ४० रेशोचा द्या" एवढं सांगून भागत नाही. आउटपुटला किती टॉर्क झेपतो ते विचारा. तुमच्या पट्ट्यावर माल कमी-जास्त येणार, दिवसात अनेकदा बंद-चालू होणार, म्हणून १०५ ला किमान १.२५ ने गुणा. म्हणजे १३० झालेच. मी १५० न्यूटन-मीटर किंवा त्यावरचा घेईन. आणि इथेच ३ एचपीचा सल्ला खरा धोकादायक ठरतो. याच बॉक्सला ३ एचपी लावली तर नुसत्या पूर्ण लोडला ती ४०० न्यूटन-मीटरवर ढकलू शकते. एखादा कॅरेट कठड्यात अडकला की मोटर थांबणार नाही, ट्रिपही होणार नाही, ब्रॉन्झ व्हीलचे दात सोलून काढेल. मोटर लहान असली की तीच संरक्षण करते, आणि ओव्हरलोड रिले मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावला असेल तर दोघंही वाचतात. ट्रिप होतो म्हणून रिलेचा आकडा वर सरकवायचा, हे मात्र अजिबात करू नका.

काहीजण तुम्हाला व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह, लावायला सांगतील, वेग हवा तसा कमी होईल म्हणून. वेग होईल, पण टॉर्क वाढणार नाही. ५० हर्ट्‌झच्या खाली ड्राइव्ह मोटरला तिचा नेहमीचाच टॉर्क देते, म्हणजे तुमच्या बाबतीत तेच ५ न्यूटन-मीटर. वेग दहा टक्क्यांवर आणलात तर ताकदही दहा टक्केच उरते. वर मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो हळू फिरला की मोटर तापते. गिअरबॉक्स बसवल्यावर वेग थोडा खाली-वर करायला, सुरुवात मऊ करायला ड्राइव्ह उत्तम आहे. गिअरबॉक्सच्या जागी ती चालत नाही.

ग्रामीण फीडरवरच्या व्होल्टेजचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट मिळाले, म्हणजे ८० टक्के, तर सुरुवातीचा टॉर्क ६४ टक्क्यांवर येतो. त्यात वर्म बॉक्स थांबलेल्या अवस्थेतून सुटताना चालू असतानाच्या मानाने आणखी कमी कार्यक्षम असतो, कारण तेलाचा पातळ थर अजून तयार झालेला नसतो. म्हणून भरलेला पट्टा बंद करून पुन्हा चालू करायची सवय टाळा. बंद करायचाच असेल तर आधी रिकामा होऊ द्या. गिअरचा एक फायदा मात्र इथे नकळत मिळतो: लोडचं जडत्व मोटरला रेशोच्या वर्गाने कमी जाणवतं. ४० च्या रेशोला ते १६००व्या हिश्श्यावर येतं. म्हणजे २२० किलो माल वेग घ्यायला मोटरला जवळपास जाणवतच नाही, उरतं ते फक्त चढ आणि घर्षण.

लाइट गेली तर पट्टा मागे घसरेल का? ४०:१ चा वर्म सहसा उलटा फिरत नाही, पण त्या भरवशावर राहू नका. बॉक्स रुळला, गरम झाला, हादरे बसले की तो हळूहळू मागे सरकू शकतो. आणि वर सांगितलेला २०:१ चा पर्याय घेतलात तर तो मागे फिरण्याची शक्यता बरीच जास्त. वर कॅरेट आणि खाली माणूस अशी जागा असेल तर ब्रेक मोटर किंवा एकाच दिशेने फिरू देणारा होल्डबॅक हवाच. यात पैसे वाचवू नका. चेनवर आणि बेल्टवर जाळीचं कव्हर हेही तसंच. हंगामात शेडमध्ये बायका, पोरं, ओढण्या, दुपट्टे सगळं असतं.

शेवटी तेल आणि ऊन. मोटर आणि गिअरबॉक्सचे आकडे साधारण ४० अंश हवेच्या तापमानावर दिलेले असतात. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत. मृग बहाराचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो, आणि एप्रिलच्या दुपारी टिनाच्या शेडखाली, छताजवळच्या माळ्यावर चाळिशी सहज ओलांडते. तुमच्या वर्म बॉक्समध्ये जवळजवळ १८५ वॅट सतत उष्णता होणार आहे. ती बाहेर पडायला हवा लागते, म्हणून बॉक्स पेटीत बंद करू नका, धूळ आणि पाचोळा त्याच्यावर साचू देऊ नका. शक्य असेल तर मोटर आणि गिअरबॉक्सची जोडी छतापासून खाली, सावलीत घ्या. वर्मसाठी आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्हीजी ४६० किंवा किमान ३२० ग्रेडचं (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) तेल, तेही ब्रॉन्झला चालणारं असं स्पष्ट विचारून घ्या. काही ईपी (जास्त दाबासाठीच्या) तेलांतलं गंधक ब्रॉन्झ खातं. सिंथेटिक पॉलिग्लायकॉल भरलेला बॉक्स मिळाला तर त्यात साधं मिनरल तेल ओतू नका, दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

नवीन बॉक्सवर बहुतेक वेळा बंद प्लग असतो, वाहतुकीत तेल सांडू नये म्हणून. बसवल्यावर सर्वात वरच्या भोकात ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारा प्लग, लावायचा असतो. तो राहिला तर गरम हवेचा दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो आणि मग सगळे सीललाच दोष देतात. बॉक्स आडवा, उभा की उलटा बसवला त्यावर तेलाची पातळीही बदलते, कॅटलॉगमधल्या चित्राशी जुळवून बघा.

पहिल्या दिवशी क्लॅम्प मीटर हाताशी ठेवा. पट्टा रिकामा, मग पाच कॅरेट, मग दहा, असे तीन वेळा तिन्ही फेजचे अँपिअर मोजून शेडच्या खांबावर लिहून ठेवा. ४१५ व्होल्टच्या १ एचपी मोटरला पूर्ण लोडला दोनपेक्षा थोडे कमीच अँपिअर लागतात, नेमका आकडा नेमप्लेटवर असेल. दहा कॅरेटला त्याच्या आत राहिलात तर काम झालं. बाहेर गेलात तर लगेच मोटरवर जाऊ नका, आधी पट्ट्याखालचा पत्रा बघा. तो गंजलेला किंवा चिकट असेल तर माझा ०.३ चा अंदाज तिथेच चुकला. आणि तासाभराने गिअरबॉक्सला हात लावल्यावर चटका बसला तरी घाबरू नका. चालू वर्म बॉक्सचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत जातो. पहिल्या तेलबदलाला तेलात थोडी सोनेरी चमक दिसेल, ती ब्रॉन्झ रुळल्याची. दुसऱ्या बदलालाही तेवढीच दिसली तर वर्म आणि व्हील नीट जुळून बसलेत का ते तपासून घ्या.